वैरणीच्या बियांचं तेज

सकाळी दूध घालून झालं तरी माणसं दूध संस्थेच्या पायरीवरून हलेनात. पायरीवर दहा दिवसांपासून बीजानंद महाराज ठाण मांडून बसले होते. हातात काचनळी, नळीत तपकिरी पाणी.

"बघा माऊली, हे तुमच्या रक्तातलं विष!" महाराजांनी डबीतली चिमूटभर पूड टाकून नळी हलवली. पाणी निवळशंख. "पुडीत काय? लसूणघास, बरसीम, चारा-चवळीचं बी! बी जितकं काळं, तितकं तेज जास्त. ह्यालाच डॉक्टर अँटिऑक्सिडंट म्हणतात. म्हैस ही वैरण खाते. म्हशीला कधी शुगर झालीय?"

म्हशीची शुगर कुणी तपासली होती, हे विचारायला शंभरातला एकही पुढं आला नाही. उलट केरबा म्हणाला, "नळी संस्थेची हाय की! रोज दुधाची फॅट लावती. ती कशी खोटं बोलंल?"

महाराजांची खरी हुशारी इथंच. स्वतःची नळी त्यांनी आणलीच नव्हती, संस्थेची मागून घेतली होती. रोज ज्या काचेत आपल्या दुधाचा निकाल लागतो, तिच्यावर शंका घ्यायची कुणी? मग सांधे, दमा, मूळव्याध, रुसलेली सून, सगळ्यांवर एकच पुडी चालू लागली.

गर्दीतल्या बनाबाईंनी तर ही पुडी घेऊन आठ दिवस शुगरच्या गोळ्या बंद ठेवल्या होत्या. पायाच्या अंगठ्याची जखम चिघळत चालली होती. त्यांची सून अनुजा गारगोटीच्या शाळेत विज्ञान शिकवते. ती गर्दीतून पुढं आली.

"महाराज, नळीत रक्त हाय?"

"रक्तातल्या विषाचं रूप आहे, बाळ."

"वास तर आयोडीनचा येतोय. जखमेला लावतात त्याचा."

तिनं केरबाच्या गोठ्यातून पेरणीचं औषध न चोळलेलं बी मागवलं, काळं आणि पिवळं वेगवेगळं कुटलं आणि महाराजांच्या बाटलीतल्या त्याच तपकिरी पाण्याच्या दोन नळ्यांत टाकलं. पाणी जरा फिकं झालं, काळ्या बियांचं थोडं अधिक. बस्स. मग तिसऱ्या नळीत लिंबू पिळलं. पाणी तिथल्या तिथं निवळलं.

"बियांत गुण हाय, जातीजातीत कमीजास्त बी हाय. पण एवढा चटकन? मामा, महाराजांची पूड जिभेला लावा बघू."

केरबाचं तोंड वाकडं झालं. "आयला, आंबाट! लसूणघासाचं बी कवा आंबाट असतंय व्हय?"

"व्हिटॅमिन सीच्या गोळ्या कुटून घातल्यात. आयोडीनचा रंग त्या घालवतात, लिंबूही घालवतं. ह्यात साखरेचा संबंध कुठं आला?"

बनाबाई हटल्या नाहीत. "मला हलकं वाटतंय की गं!"

अनुजानं पर्समधून साखर मोजायचं यंत्र काढलं. "आत्या, बोट द्या."

आकडा आला चारशे बारा. दोनशेच्या वर गेला तरी डॉक्टर ओरडतात, हा तर दुप्पट.

"विष बाहेर पडतंय, माऊली," महाराज पुटपुटले.

"पावणं," केरबा उठला, "आता तुमीच भाईर पडा."

बनाबाईंनी आकडा पुन्हा वाचून घेतला. मग खालच्या आवाजात विचारलं, "अनुजा, अंगठा ऱ्हाईल न्हवं?"

"आत्ता दवाखान्यात गेलो, तर डॉक्टर प्रयत्न करतील. उद्या म्हणाल, तर मला सांगता यायचं न्हाय."

बनाबाईंनी पिशवीतली पुडीची डबी पायरीवर ठेवली आणि त्या लंगडत अनुजाच्या गाडीवर बसल्या.

मंडळी, कुठल्या वैरणीच्या बियांत किती गुण आहे ते प्रयोगशाळा मोजतेय, मोजू द्या. पण नळीतलं पाणी निवळलं म्हणून माणसाचं रक्त निवळत नाही. औषधाचा गुण बाटलीत नका बघू, आजाऱ्याच्या अंगात तपासून बघा. आणि चालू गोळी बंद करायची, तर डॉक्टरला विचारून. पायरीवर बसलेल्याला नव्हे.