श्रीमती 'क'चा आवाज

"पेशंट म्हणाला, तुमचा देव राहू द्या तिकडं, आधी मला कपभर चहा पाजा, तर तुम्ही काय करता?"

प्रेरणानं एका दमात विचारून टाकलं. सेमिनरीच्या पोरांसमोर उभी राहून तू हे विचारूच शकत नाहीस, अशी पैज तिच्या वर्गातल्या अक्षदा आणि तनुजानं लावली होती. दोघी दाराआड ओढणीचा बोळा तोंडात कोंबून उभ्या होत्या. छावणीजवळच्या मिशन दवाखान्यातल्या त्या मागच्या खोलीत सहा होणारे पाळक, म्हणजे उद्याचे चर्चचे धर्मगुरू, वह्या उघडून बसले होते आणि त्यांना शिकवत होते तिचे पप्पा, शमुवेल निर्मळ सर. दहावीतली आपली पोरगी शाळेतून थेट वर्गात घुसेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

मागच्या बाकावरचा सत्यम म्हणाला, "साखर चालते का ते सिस्टरला विचारतो. आन् पाजतो."

खोलीभर हशा पिकला. पप्पा म्हणाले, "लिहून घ्या रे. याच्याहून बरं उत्तर माझ्याकडं नाही."

कारण पप्पा शिकवत होते ते हेच. आजारी माणसाजवळ बसायचं, मग तो कुठल्या का धर्माचा असेना. ऐकायचं. त्यानं म्हटल्याशिवाय प्रार्थना नाही, पुस्तकं वाटणं नाही. पोरांना वॉर्डात बसू द्यायची परवानगीच मुळी मेट्रनबाईंनी लई मुश्किलीनं दिली होती. "माझ्या वॉर्डात धर्म वाटलेला चालणार नाही, एक तक्रार आली की सगळे बाहेर," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

पेशंटशी झालेलं बोलणं पोरं आठवून आठवून शब्दाला शब्द वहीत उतरवायची. नाव नाही लिहायचं. श्रीमती 'क', श्रीयुत 'ख'. मग वर्गात दोघांनी ते वाचायचं, एकानं पाळक व्हायचं, एकानं पेशंट. पण मिशीवाला पोरगा म्हाताऱ्या बाईचं बोलणं वाचायला लागला की सगळ्यांना हसू फुटायचं.

"तू वाच गं," त्या दिवशी पप्पा म्हणाले. "एवढं धाडस आहे तर."

गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला 'प्रेझेंट' म्हणताना जिचा आवाज घशात अडकायचा, ती प्रेरणा यंदा शाळेच्या नाट्यस्पर्धेत पहिली आली होती. हातात वही आली आणि ती सुटलीच. तेव्हापासून प्रत्येक गुरुवारी पेशंट म्हणजे प्रेरणा.

तिची आवडती पेशंट होती राजाबाई. वैजापूरकडची, मेंढरांमागं जन्म गेलेली, आता मांडीत सळई घालून बायकांच्या वॉर्डात पडलेली. प्रेरणाची मम्मी, रत्नमाला सिस्टर, त्याच वॉर्डात. त्यामुळं शाळा सुटली की प्रेरणाचा डबा राजाबाईच्या खाटेवरच उघडायचा.

"आली का माझी साळुंकी," राजाबाई म्हणायची. "बोल बाई, कायबी बोल. आमच्या घरात भांड्याचा तेवढा आवाज."

आणि सत्यमवर तर तिचा लई जीव. त्यानं खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी तिच्या उशीखाली ठेवली होती, रोज सकाळी तिच्या कपाळाला बोट लावायचा. ख्रिस्ती पोरगा! पप्पांनी वर्गात सांगितलं, "यालाच म्हणतात सेवा."

त्या गुरुवारी सत्यमच्या वहीत श्रीमती 'क' होती. प्रेरणानं पहिलं वाक्य वाचलं आणि ओळखलं. मग काय! तिनं पदर घेतल्यासारखी ओढणी घेतली, राजाबाईसारखा श्वास आत ओढला, वाक्याआधी 'आगं माये' टाकलं, जे वहीत नव्हतंसुद्धा.

"आगं माये, तुला म्हनून सांगते लेकरा, कुनाला सांगू नको. पाय आता तेवढा दुखत नाय. म्या उगंच वरडते. घरी गेलं की सून भाकर टाकून जाती, बोलत नाय का बसत नाय. हितं सिस्टर इचारती, राजाबाई, झोप लागली का? सत्तर वर्सांत मला झोपंचं कुनी इचारलं नव्हतं."

पोरं आधी हसली, मग माना पुढं काढून ऐकू लागली. पप्पांनी टाळी वाजवली. प्रेरणाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

खिडकी उघडी होती. खिडकीखाली नळ होता, तिथं पेशंटचे नातेवाईक कपडे धुवायचे. एक बादली धाडकन आपटली. प्रेरणानं वाकून पाहिलं, तर ओल्या लुगड्याचा पिळा तसाच टाकून वच्छलाबाई वॉर्डाकडं चालली होती. राजाबाईची सून.

प्रेरणा आणि सत्यम पळतच पोचले.

"पाय दुखत नाय म्हनं तुमचा," वच्छलाबाई सासूच्या अंगावरची चादर ओढत होती. "महिना झाला म्या फरशीवर झोपते. माझी लेकरं तिकडं शेजाऱ्याच्या दारात जेवत्यात. आन् तुमी सोंग करता? वर पोरापोरांत माझी बदनामी? उठा!"

"वच्छलाबाई, हाड अजून जुळलं नाही," मम्मी मधे पडली. "निदान व्हीलचेअर तरी घ्या."

"दुखत नाय ना? चालू द्या की मग."

राजाबाई उठली. एका हातानं खाट, एका हातानं भिंत. दारात सत्यम उभा होता. ती त्याच्यापाशी थांबली.

"तुला लेकरू म्हनले व्हते रं," एवढंच म्हणाली.

सत्यमनं मान खाली घातली. प्रेरणा त्याच्या बाजूलाच होती, हातभर अंतरावर. मी बोलले, आजी. माझा आवाज होता तो. एवढं म्हणायचं होतं. पैजेवर सहा पोरांपुढं उभी राहणारी ती, तिच्या तोंडातून चकार शब्द निघाला नाही. राजाबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवून पुढं गेली. "येते गं साळुंके."

गेटपर्यंत ती पाय ओढत गेली. सोंग नव्हतं ते.

पंधरा दिवसांनी मम्मीनं जेवताना सांगितलं. राजाबाई घरी पडली. सळई सरकली. आता ती उठेल असं डॉक्टरांना वाटत नाही.

"आणि सत्यम?" प्रेरणानं विचारलं. दोन गुरुवार तो वर्गात नव्हता.

पप्पा भाकरीचा तुकडा मोडत राहिले. "मेट्रनबाईंकडं तक्रार गेली होती. गोपनीयता कुणी मोडली ते लिहून द्या म्हणाल्या. मी सत्यमचं नाव दिलं, त्यांनी त्याला काढलं. बोलणं त्याच्याच वहीतलं होतं."

"वही त्यानं दाराबाहेर नेली नव्हती. आवाज मी काढला. तुम्ही टाळी वाजवली."

"प्रेरणा!" मम्मी म्हणाली.

"नाव कुणीच घेतलं नव्हतं," पप्पा म्हणाले. "नियम पाळला होता आपण. पण बाईंना कुणाचं तरी नाव हवं होतं. तुझं देऊ? माझं देऊ? पाच पोरांचं वर्ष बुडलं असतं. सत्यमला समजावलंय मी. तो काही बोलला नाही."

"तो बोलणारच नाही. ऐकायचं, गप्प बसायचं, तुम्हीच शिकवलंत."

पप्पांनी ताट सरकवलं. मम्मीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती पप्पांकडं नाही, प्रेरणाकडं बघत होती. आता पुरे कर, असं.

प्रेरणानं हात धुतला, परत येऊन बसली.

"उद्या शाळेआधी मी मेट्रनबाईंकडं जाणार आहे," ती म्हणाली. आवाज तिचा स्वतःचा होता, जरा फाटका. "मी काय केलं ते सांगणार, आणि तुम्ही काय लिहिलंत तेही. वर्ग बंद झाला तर होऊ दे. आणि रविवारी मी चर्चला येणार नाही. वैजापूरची एसटी धरणार. आजीला सांगायचंय, की सत्यम नव्हता तो."

"वच्छलाबाई तुला दारात उभी करणार नाही," मम्मी म्हणाली.

"नको करू दे. मी रस्त्यावरून सांगीन. मला मोठ्यानं बोलता येतं."