आईच्या नावाची अक्षरं

सकाळी आठला इस्पितळात फ्रेहाच्या अमरामला हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आत नेलं, आणि साडेआठला घरी तिच्या टेबलाभोवती अकरा बायका स्तोत्रांची पुस्तकं उघडून बसल्या. बेत शआन गावातल्या त्या गल्लीत कुणाची छाती उघडायची असली की डॉक्टरांच्या आधी बायकाच हात धुतात.

फ्रेहाला वाचायला बेताचंच येई. अर्धीअधिक स्तोत्रं तोंडपाठ, पण अर्थ विचाराल तर म्हणायची, "देवाला कळतो ना? मग मला कशाला हवा?" अर्थ सांगायला शाळेतली मास्तरीण दित्सा होती. दर मंगळवारी ती एका ओळीतला एक शब्द घेई, आणि बायका तो आठवडाभर मनात घोळवत. आजही तिनं सत्ताविसावं स्तोत्र काढलं. ते ज्यूंच्या एलुल महिन्यात रोजच म्हणतात, त्यामुळे सगळ्यांच्या ओठांवर. 'माझ्या आईबापानं मला टाकलं, पण परमेश्वर मला जवळ घेईल,' या ओळीवर दित्सा थांबली.

"अगं, तिकडे माणसाची छाती उघडी टाकलीय आणि तू शब्द सोलत बसलीस!" शेजारची सिमी करवादली.

"सोलल्याशिवाय गोडी कशी कळणार, सिमीमावशी? या ओळीत 'जवळ घेईल'ला शब्द आहे 'यासफेनी.' शेतातलं पीक गोळा करून घरात आणतात ना, त्याचा हा शब्द. आणि तोरा ग्रंथात सांगितलंय, कुणाचं चुकलेलं मेंढरू सापडलं तर आपल्या घरी आण, मालक विचारत येईपर्यंत सांभाळ. तिथंही हाच शब्द."

"आणि मालक आलाच नाही तर?"

"तर सांभाळायचं. पण कुणाचं ते विसरायचं नाही."

फ्रेहानं पेल्यातला पुदिन्याचा चहा एका घोटात संपवला. जीभ पोळली. ही ओळ आली की ती चाळीस वर्षं नुसते ओठ हलवत आली होती. तिची धाकटी बहीण याकूत तिकडे जुन्या देशात, सफ्रू गावच्या घरात बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी गेली. बाप आधीच परागंदा. फ्रेहानं पोर छातीशी धरलं, बोटीत चढली, आणि बंदरावर कारकुनानं "तुझाच ना?" विचारलं तेव्हा "मग काय तुझा?" म्हणाली. तिच्या नवऱ्यानंही मरेपर्यंत ते कुणाला कळू दिलं नाही. बहीण बाळंतपणात गेली एवढंच गल्लीला माहीत. बाळही गेलं, अशी सगळ्यांची समजूत. ती तिनं खोडली नव्हती.

"चला, आता नावाची अक्षरं," दित्सा म्हणाली.

एकशे एकोणिसाव्या स्तोत्रात प्रत्येक हिब्रू अक्षरानं सुरू होणाऱ्या आठ-आठ ओळी असतात. आजाऱ्याच्या नावाची अक्षरं घ्यायची, मग त्याच्या आईच्या नावाची, आणि त्या त्या ओळी म्हणायच्या. वर, देवाकडे, आईच्याच नावानं माणूस ओळखतात. बापाच्या नावाचा तिथं उपयोग नाही.

बायकांनी अमरामची चार अक्षरं भराभर म्हटली. त्याची बायको सिगालित फ्रेहाच्या शेजारीच बसली होती, तिची एक ओळ चुकली नाही. फोन तिच्या गुडघ्याशी. इस्पितळात फ्रेहाचा धाकटा मुलगा मख्लूफ बसला होता, तो कळवणार होता.

फ्रेहाच्या मनात एकच हिशेब चालला होता. अमराम लढाईवर गेला तेव्हा त्याच्यासाठी प्रार्थना करताना रब्बींनी विचारलं होतं, कुणाचा अमराम? तिनं छाती काढून सांगितलं होतं, फ्रेहाचा. अमराम परत आला, पण एक पाय कायमचा अधू घेऊन. तेव्हापासून तिला वाटे, प्रार्थना पोचली, पण पत्ता चुकल्यामुळे उशिरा पोचली. आज उशीर झाला तर पायावर भागणार नव्हतं. आणि खरं सांगावं, तर चाळीस वर्षांचा मुलगा एका वाक्यात जाणार. तेही सुनेसमोर.

"आता आई. फ्रेहा," दित्सानं पान उलटलं. "पहिलं अक्षर फे..."

"थांबा."

"काय झालं? पाणी हवं?"

"फे नको. योद काढा."

"फ्रेहामावशी, तुमचं नाव फेनंच..."

"मला माझं नाव शिकवू नकोस! योद, कोफ, वाव, ताव." तिचा आवाज चढला, खिडक्या हादरतील एवढा. "याकूत. अमराम, याकूतचा मुलगा. मी नाही त्याला जन्म दिला. माझ्या बहिणीनं दिला. झालं समाधान? आता तोंडं काय बघता, वाचा! तिकडे त्याचं काळीज थांबवून ठेवलंय!"

सिमीचं तोंड उघडंच. सिगालित फ्रेहाकडे असं बघत होती, जणू घरात कुणी परकी बाई शिरलीय.

मग सिगालितनंच पुस्तक पुढं ओढलं. "योद," ती म्हणाली. 'तुझ्या हातांनी मला घडवलं...' तिच्यामागून एकेक आवाज मिसळला. कोफ झालं. वाव झालं. फ्रेहा म्हणत नव्हती; तिनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून ठेवली होती. तावच्या शेवटच्या ओळीत 'मी चुकलेल्या मेंढरासारखा भटकलो' आलं, तेव्हा दित्सानं मान खाली घातली आणि अर्थ सांगितला नाही.

फोन वाजला नाही. बायकांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. अमराम, मग याकूत. किती खेपा झाल्या ते कुणी मोजलं नाही; दुपारचा एक वाजला. तेव्हा फोन वाजला.

सिगालितनं ऐकलं. "ठोके पडायला लागले," ती म्हणाली, "आपले आपण." बायकांनी जिभा हलवून असा काही आनंदाचा गलका केला, की वरच्या मजल्यावरचा माणूस खाली डोकावला.

फ्रेहा जागची हलली नाही. "डोळे कधी उघडेल?"

"संध्याकाळी. एकालाच आत सोडतात." सिगालितनं फोन बाजूला ठेवला. "मी जाणार होते. आता तुम्ही जा."

"आणि काय सांगू गं त्याला?"

"सकाळी आम्हाला सांगितलंत, तेच. मी सांगणार नाही, तुमचं ओझं आहे ते." सुनेनं डोळे पुसले. "फक्त एवढ्या जोरात नको. टाके ताजे आहेत."