वरलं तळं

कुसळ. राजदीपच्या डाव्या मोज्यात, टाचेच्या वर, आतल्या बाजूनं असं रुतून बसलेलं की साबणाचा हात फिरवताना बोटाला टोचलं तेव्हाच कळलं. प्रज्ञानं मोजा उलटा केला. तपकिरी टोकदार दाणा आणि मागं बोटभर काळी शेपटी, पीळ भरलेली. ओढलं तर निघेना. टोकाला उलटे केस असतात त्याच्या, आलेल्या वाटेनं ते परत जात नाही. शेवटी पलीकडच्या अंगानं पुढं ढकलूनच काढावं लागलं. ओल्या तळहातावर ते क्षणभर निपचित पडलं आणि मग फिरलं. अगदी हळू, झोपेत कूस बदलल्यासारखं. शेपटीचा एक वेढा सुटला, मग दुसरा...

‘बघ आता. झालं की नाही जिवंत?’

राजदीप म्हणाला होता हे. इथं मोरीत नव्हे, वरल्या तळ्याच्या वाटेवर, लग्नानंतरच्या पहिल्या मार्गशीर्षात. कमरेएवढं गवत पिकून सोनेरी झालेलं, आणि तिच्या ओढणीला, सलवारीला, वेणीलासुद्धा कुसळंच कुसळं. ती रडकुंडीला आलेली, आणि हा तिच्या तळहातावर एक कुसळ ठेवून बाटलीतलं पाणी थेंबथेंब सोडतोय. ‘पाणी लागलं की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा भरतो. असं फिरत फिरत हे स्वतःला जमिनीत पेरतं. मोटर नाही, वायर नाही.’ ती म्हणाली होती, ‘तू ना, डोंगरावर येऊनसुद्धा मशीनच बघ.’ आणि ते ‘तू’ तोंडातून गेल्यावर दोघंही थबकले होते, कारण मुक्ताईनगरला सासूबाईंसमोर आठ दिवस ती ‘अहो’ म्हणत होती आणि तेच तोंडात बसलं होतं. ‘तू’ तिनं त्याला पहिल्यांदा म्हटलं ते डोंगरावर.

मोरीच्या दाराशी प्रशील मगावर चमचा आपटत होता. दहा महिन्यांचा. दोन दात खाली, एक वर, आणि तेवढ्या भांडवलावर सगळं जग चावून बघायची तयारी.

‘नको रे राजा, ते तोंडात नाही घालायचं,’ म्हणत तिनं कुसळ खिडकीच्या कट्ट्यावर उंच ठेवलं. मग मोजा पिळला. मग पुन्हा उघडून बघितला.

काल रविवार. काल राजदीप नरडाण्याला गेला होता. एका कारखान्यातलं पॅकिंगचं मशीन अडकलं, सोमवारी माल निघायचा आहे, जावंच लागेल... पहाटेच उठून गेला, गाडी स्टेशनवर लावतो आणि पॅसेंजर पकडतो म्हणाला. ती त्याच्या आधी उठली होती. पोळ्या, मेथीची भाजी, ठेचा. संध्याकाळी आला तो पाय ओढत. ‘दिवसभर उभा होतो गं. काय धूळ त्या नरडाण्याला! आणि स्टेशनावरची भजी खाल्ली, नुसती तेलात बुडालेली.’ तिनं पाणी गरम केलं, मीठ टाकलं, घमेलं त्याच्या पायांशी ठेवलं, आणि त्या भज्यांनी त्याचं पोट बिघडू नये म्हणून रात्री नुसता वरणभात केला.

नरडाण्यालाही गवत असतं की. मोकळे प्लॉट पडलेत, गवत काय फक्त डोंगरावरच उगवतं? मशीन आतून दिसलं नाही म्हणून मागच्या बाजूनं गेला असेल. जिना उतरून... गवतातून... मोज्याच्या आत, टाचेच्या वर... प्रज्ञा, तू कपडे धू.

तिनं कपडे धुतले.

तळ्याला नाव नव्हतं. सावद्याच्या वर, केळीचे मळे संपून सातपुडा सुरू होतो तिथल्या शेवटच्या गावात सुमनअक्काच्या अंगणात गाडी लावायची. मग अर्ध्या तासावर खालचं तळं, म्हशींचं, आणि त्याच्या वर दीड तास चढून गेलं की वरलं. अक्काच्या तोंडी ‘वरलं तयं’. पहिल्याच खेपेला अक्का राजदीपला म्हणाली होती, ‘काय बापा इंजिनेर, बायकोले डोंगरावर आनतं, सिनेमाले न्याले पैसे नही का?’ आणि तांब्याभर ताक दिलं होतं, वर मीठ भुरभुरून.

मग ऋतू लागले ओळीनं. श्रावणात धुकं इतकं की तळं आहे हे बेडकांवरून कळायचं. मार्गशीर्षात पाणी स्थिर, आत ढग, आणि काठानं हे सोनेरी गवत. वैशाखात... वैशाखात ते पहाटे चारला निघाले होते, ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून. तळं आटून भेगा पडलेल्या, मधोमध ताटाएवढं पाणी. त्या ताटाशी बसून तिनं त्याला सांगितलं होतं. आईच्याही आधी, डॉक्टरच्याही आधी. निघायच्या आधी चाचणीच्या काठीवर दोन रेघा आल्या होत्या आणि ती गाडीवर मागं बसून सावद्यापर्यंत तोंड दाबून गप्प राहिली होती, कारण ते तिथंच सांगायचं होतं. राजदीपनं बाटलीतलं उरलेलं सगळं पाणी त्या ताटात ओतलं. परतीच्या वाटेवर घसा कोरडा पडला तेव्हा दोघं हसत होते वेड्यासारखे.

आणि नंतरचा श्रावण. पाचवा महिना. अक्कानं अंगणातच वाट अडवली. ‘पोटुशीले मी नही चढू देनार. अठीच बस, गुमान.’ प्रज्ञा राजदीपला म्हणाली, तू जाऊन ये, मी बसते. त्यानं बूट काढले. सरळ बूट काढून अक्काच्या ओसरीवर मांडी घातली. ‘तू नाहीस तर ते तळं नाही, नुसतं पाणी आहे. बाळ झालं की तिघं जाऊ.’ दिवसभर पाऊस. अक्का काळे-पांढरे मणी ओवत बसलेली, नातवाच्या मनगट्यांसाठी. ‘तुह्या लेकरालेबी करीन. पन त्याले आनशीन तव्हा. हात पाह्यल्याबिगर मी माप नही करत.’ प्रज्ञा हसून म्हणाली होती, ‘अक्का, आमच्यात दृष्टबिष्ट मानत नाहीत हो.’ ‘दिष्टीच्या नही वं माय. लेकराचा हात मोकया दिसू नही म्हनून.’

तू नाहीस तर ते तळं नाही. या एका वाक्यावर ती गेले दहा महिने जगली होती असं म्हटलं तर कुणी हसेल. पण दुपारी दूध पाजताना, मान अवघडलेली, बाहेर ऊन, आपलं अंग आपलं राहिलेलं नाही आणि दिवस दुसऱ्याच कुणाचा तरी, तेव्हा ती डोळे मिटून ती चढण चढायची. खालचं तळं, म्हशी, वळण, आपट्याचं झाड, वरलं. ते तिथं थांबलंय, आपल्यासाठी, कुणीही न बघता थांबलंय... असं वाटलं की बरं वाटायचं.

अकरा वाजता प्रशील झोपला. तिला कालचा डबा आठवला. ऑफिसची बॅग तो घेऊन गेला होता. रविवारची सॅक दाराआड लटकत होती. डबा निघाला, रिकामा, भाजीची एक काडीसुद्धा न ठेवता खाल्लेला. झाकण हाताला लागेना. बाजूच्या कप्प्यात बघितलं. मग आतल्या, चेनच्या कप्प्यात.

झाकण नव्हतं. केळीच्या वाळक्या सोपटाची पुडी होती, केळीच्याच दोऱ्यानं बांधलेली.

नरडाण्याला केळी नाहीत. ती पुडी हातात धरून दाराआडच उभी राहिली. इथून नरडाणा मावळतीला, सावदा उगवतीला. स्टेशनवरून गाडी सुटताना आपण कुठल्या बाजूला चाललोय हे माणसाला कळतंच. दोऱ्याला गाठ होती ती सुटेना, ओढली तर वाळका दोरा मधूनच तुटला.

मनगट्या. काळे, पांढरे, काळे, पांढरे मणी, लाल धाग्यात, दोन.

पहिल्यांदा जे आलं ते राग नव्हता. तिला हसूच फुटलं. अक्कानं शब्द पाळला! मग ते हसू तोंडावर तसंच राहिलं. ही पुडी काल संध्याकाळी घरात होती. मी घमेल्यात मीठ टाकत होते तेव्हा दाराआड होती. लेकाची वस्तू, आणि लेकाला देता येत नाही, कारण दिली तर कुठून आणली हे सांगावं लागेल.

काय केलं त्यानं असं? डोंगरावर गेला. दारू नाही, बाई नाही, कुणाचं काही लुबाडलं नाही. आठवडाभर मशीनच्या आवाजात डोकं उठतं त्याचं, घरात लेकरू रडतं, मी करवादते. एक दिवस चार झाडं बघून आला. सांगितलं असतं तर मी काय नको म्हटलं असतं? ...म्हटलं असतं? नसतं. जा म्हटलं असतं. आणि दिवसभर खिडकीशी उभी राहिले असते, आणि तो तिथं बसून मी खिडकीशी उभी आहे हे बघत राहिला असता. तेवढंसुद्धा त्याला नको होतं. तळ्यावर त्याला मी अजिबात नको होते, आठवण म्हणूनसुद्धा.

खोलीत प्रशील चुळबुळला. ती त्याच्याजवळ जाऊन बसली. झोपेत त्याची मूठ उघडी होती, मनगटावर ती एक वळी, दोरा बांधल्यासारखी. तिनं मनगटी घातली. बोटं मिटवून, अंगठा आत दुमडून, अलगद... बसली. ना सैल, ना घट्ट. मण्यांखाली तिची करंगळी जेमतेम जाईल एवढी.

बसली.

हात पाह्यल्याबिगर मी माप नही करत.

आणि मग तिला तो दोरा आठवला. दिवाळीच्या आधीची संध्याकाळ, ती कणीक मळत होती, आणि राजदीप मांडीवरच्या प्रशीलच्या मनगटाला शिवणाचा पांढरा दोरा गुंडाळून गाठ मारत होता. ‘काय करतोयस?’ ‘काही नाही गं, बघतोय किती गुटगुटीत झालाय.’ दोरा त्यानं खिशात टाकला होता. तिनं पिठाच्या हातानं त्याच्या नाकाला बोट लावलं होतं. केवढं प्रेम आलं होतं तेव्हा!

म्हणजे काल पहिल्यांदा नाही. एकदा जाऊन आला, तेव्हा अक्कानं माप मागितलं. एकदा दोरा पोचवला. काल मनगट्या घेऊन आला. निदान तीनदा. दिवाळीच्या सुमाराला भुसावळचं काम निघालं होतं. त्याच्या आधी भरपावसात एक अख्खा रविवार पाचोऱ्याला... श्रावणसुद्धा. धुकं, बेडूक, सगळं. अक्कानं विचारलं असेल, ‘लेकराची माय कोठी हाये?’ काय सांगितलं असेल? तिला नाही जमत आता? आणि अक्का, तुम्ही ताक दिलंत ना त्याला, मीठ भुरभुरून?

सव्वाला फोन आला.

‘काय चाललंय? झोपला का साहेब?’

‘झोपलाय. जेवलात का तुम्ही?’

‘आई आलीय का?’

‘नाही. का?’

‘नाही... “तुम्ही” म्हणालीस म्हणून.’

‘असंच आलं तोंडात.’ ती खिडकीशी उभी होती. ‘मोजे धुतले कालचे. कुसळ होतं डाव्यात.’

‘अं? हां... अगं नरडाण्याला त्या शेडमागं एवढं गवत वाढलंय, विचारू नकोस.’ किती पटकन आलं ते. जिभेवरच असल्यासारखं. ‘लागलं नाही ना तुला?’

‘नाही.’

‘जपून हं. प्रशीलच्या हाताला लागलं म्हणजे.’

‘त्याच्या हाताला काही लागलेलं नाही,’ ती म्हणाली.

विचारायचं एवढं एकच होतं, आणि ते तिथंच जिभेवर होतं, त्याच्या उत्तराइतकंच तयार. पण विचारलं की तो सांगेल. एवढं ती ओळखत होती त्याला. मान खाली घालेल, सगळं सांगेल, कदाचित रडेलही, पुढच्या रविवारी तिघांना घेऊन जाईल. आणि ती चढण ती त्याच्या मागून चढेल आणि प्रत्येक वळणावर तिला कळत राहील, हे याला पाठ आहे. आपट्याच्या झाडापाशी तो चकित झाल्यासारखं दाखवेल. ते तिला बघवणार नाही. विचारलं नाही तर? तर हा असाच दर ऋतूत नरडाण्याला जाईल, आणि ती पाण्यात मीठ टाकत राहील.

‘ठेवतो गं. मशीन चालू झालं.’

दोनला प्रशील उठला, मनगटाकडं बघून हरखला, मणी तोंडात घातले. लाळेनं ओले मणी चमकायला लागले. तो इतका खूश की ती कितीतरी वेळ नुसती बघत बसली. मग त्याला भाकरीचा तुकडा देऊन मनगट्या हळूच काढल्या, पदराला पुसल्या आणि सोपटात ठेवल्या. बांधायला गेली तर केळीचा दोरा तुटलेला. तिनं शिवणाच्या डब्यातलं रीळ घेतलं. पांढरं. त्याच रिळाचा दोरा त्यानं नेला होता. दोन वेढे दिले, गाठ मारली, पुडी चेनच्या कप्प्यात जिथं होती तिथं ठेवली. तो उघडेल तेव्हा त्याला दिसेल. लगेच दिसेल किंवा चार दिवसांनी. मग बोलायचं की नाही हे त्याचं त्यानं बघावं. दिवसभर मी बघितलं.

दिवेलागणीला तिनं दिवा लावला नाही. प्रशील मांडीवर पीत पीत पेंगला होता. खिडकीच्या कट्ट्यावरचं कुसळ दिवसभरात खडखडीत वाळलं होतं, आणि त्याच्या शेपटीत पुन्हा पीळ भरला होता, घट्ट, सकाळी होता तसाच. तिनं डोळे मिटले आणि सवयीनं चढायला लागली. खालचं तळं, म्हशी, वळण. आपट्याचं झाड. गवत होतं, कमरेएवढं, वाऱ्यानं एका अंगाला कललेलं. प्रशील तिच्या पाठीला बांधलेला, जड, त्याचा ओला श्वास मानेवर. पाणी होतं, आत ढग होते. ती राजदीपला शोधायला लागली. काठावर, झाडाखाली, तो बाटली भरतो त्या खडकापाशी. तो कुठंच नव्हता. आणि तळं तळंच होतं.

याचं आपल्याला वाईट वाटायला हवं, असं तिला वाटलं. ती वाट बघत राहिली वाईट वाटायची. खाली गाडी स्टँडवर लागल्याचा आवाज आला, मग जिन्यावर पावलं, ओळखीची, अजून किंचित लंगडणारी. प्रशीलनं झोपेतच डोकं उचललं. प्रज्ञा उठली नाही. वर पाण्याला वारा लागला होता आणि गवत हलत होतं, आणि ती अजून तिथून खाली उतरली नव्हती.