स्टार्टरची हिरवी पेटी

“डोळे उघडून पाहिजेत, तातेराव. बराबर समोर बघणारे.”

अप्पारावांनी काउंटरवर मोबाइल ठेवला. त्यात त्यांच्या गेलेल्या आईचा फोटो होता, दवाखान्यातल्या खाटेवरचा, डोळे मिटलेला. त्या आजींनी डोळे उघडे ठेवून आयुष्यात एकच फोटो काढला होता, आधार कार्डाचा. त्यात त्या इतक्या चिडलेल्या दिसत होत्या की अप्पारावच म्हणाले, “हे डोळे असेच लावले तर पोरं त्या खोलीत झोपायची न्हाईत.”

“राग थोडा उतरवतो,” मामा म्हणाले. “परवा या.”

तातेराव म्हणजे माझे मामा. मंठ्यात बाजाराच्या रस्त्याला त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाची कामं आता ड्रोनवाली पोरं नेतात. मामांकडे उरलेत पासपोर्ट फोटो आणि मेलेल्यांचे डोळे. आमचं घर तीन दुकानं सोडून, त्यामुळे नववीची परीक्षा संपल्यापासून मी तिथेच पडीक होते. आणि खरं सांगते, कॉम्प्युटरवर माझा हात मामांपेक्षा भरभर चालतो. त्या उन्हाळ्यात हे मी भेटेल त्याला सांगत होते.

अप्पाराव गेल्यावर मी विचारलं, “मामा, हे खोटं न्हाई का? मेलेल्या माणसाला डोळे लावायचे?”

“कुणाला फसवून राह्यलो मी?” मामा चष्मा पुसत म्हणाले. “घरच्या समद्यांना ठावं असतं ती गेली म्हणून. फोटोत आपल्याकडं बघावी वाटती, एवढंच.”

मग शटर अर्धं खाली ओढलं की आमचं दुसरं काम सुरू व्हायचं. त्या कामासाठी आमच्याकडे शुक्रवारपर्यंतचा वेळ होता.

मामांचं शेत गावापासून चार किलोमीटरवर. तिथे अठरा मोसंबीची झाडं आहेत, मामीने स्वतः खड्डे घेऊन लावलेली. मोसंबीला बहर धरायचा तर हिवाळ्यात तिचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, थोडी गळतात, आणि नेमक्या दिवशी पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून जातं. तो नेमका दिवस दुर्गामामीला कळायचा. ती एक पान दुमडून कानाशी धरायची, जसं काही ते बोलणारच आहे, आणि सांगायची, “उद्या सोडा.”

त्या वर्षी ताण चालू असतानाच जानेवारीत मामी गेली. छातीत दुखतंय म्हणाली, आणि जालन्याला नेईपर्यंत संपलं. मग घर पाहुण्यांनी भरलं. चहा, भाकरी, रडणं, दहावं, तेरावं. पाण्याची मोटार सुरू करायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पान कानाला लावणारं माणूसच तर गेलं होतं. विसाव्या दिवशी मामा शेतात गेले तेव्हा झाडांखाली पानांचा सडा होता.

नंतर भरपूर पाणी दिलं. थोडी पालवी आली, पण फूल आलं नाही. शेंडे वाळत राहिले. माझा मामेभाऊ राधेश्याम, मी त्याला राधूदादा म्हणते, एप्रिलमध्ये मामांना म्हणाला, “अण्णा, ती झाडं गेली. तिथं तुती लावतो, रेशमाचं शेड टाकतो. पुढच्या शुक्रवारी जेसीबी सांगितलाय.”

“पाला हिरवा हाय अजून,” मामा म्हणाले.

“हिरवा तर तोरणाचा प्लास्टिकचा पाला बी असतो!”

दुसऱ्या दिवशी मामांनी माळ्यावरून जुना डिजिटल कॅमेरा काढला आणि मला बोलावलं.

मामा विशीत असताना कृषी खात्याचे एक साहेब स्टुडिओत यायचे. त्यांच्याकडे एक वेगळीच फिल्म असायची. तिच्यावर काढलेल्या फोटोत सगळी शेतं लाल दिसायची, अगदी कुंकू सांडल्यासारखी. “जित्तं पान एक उजेड माघारी फेकतं,” मामा मला म्हणाले. “आपल्या डोळ्याला तो दिसत न्हाई. त्या फिल्मला दिसायचा, अन् ती त्याला लाल करायची. पान आतून मरायला लागलं की वरून हिरवं असलं तरी फोटोत फिक्कं पडायचं.”

“मंग ती फिल्म मागवू की!”

“बनायची बंद झाली माय, कवाच.”

म्हणून आम्ही तिची नक्कल करायला बसलो. कॅमेऱ्याच्या आत, सेन्सरच्या पुढे, एक निळसर काच असते. ती तो न दिसणारा उजेड अडवते. मामांचा हात थरथरतो, म्हणून स्क्रू मी काढले, सतरा, आणि काच मी उचलली. तो उजेड लाल दिसावा म्हणून लेन्सपुढे लावायचे रंगीत काचेचे फिल्टर विकत घ्यायचे तर महाग, मग मामांनी ब्लॅक-अँड-व्हाइटच्या काळातला पिवळा फिल्टर शोधला. शाळेच्या गॅदरिंगला दिव्यांना लावतात तो रंगीत जिलेटीन कागद मी मंडपवाल्याकडून तुकडे तुकडे आणला. पिवळ्यावर हिरवा लावला, सगळं शेवाळलं. पिवळ्यावर गडद निळा लावला, जग काळं झालं. पाच दिवस हेच. शेवटी पिवळ्या काचेवर फिक्या आकाशी कागदाची दुहेरी घडी बसवली आणि मी मागच्या अंगणातल्या तुळशीवर कॅमेरा धरला.

तुळस लाल!

पानन् पान लाल, आणि दारावरचं प्लास्टिकचं तोरण तसंच मेलेलं, राखाडी. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारचा सलूनवाला अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सोडून पळत आला. मामा तुळशीसमोर उभे होते, माझ्या हातातला कॅमेरा घेऊन छातीशी धरून.

“तुही मामी असती तर म्हणाली असती, भूत धरलं का तुळशीला,” ते म्हणाले आणि हसता हसता थांबले.

बुधवारी सकाळी आम्ही शेतात गेलो. मामांनी एकेका झाडाचा फोटो घेतला, लग्नात घरच्यांचे घेतात तसा, कुणी सुटायला नको म्हणून. शेवटच्या झाडामागे मोटारीच्या स्टार्टरची पत्र्याची पेटी आहे, हिरव्या ऑइलपेंटनं मामीनेच रंगवलेली. तिथे मामांनी एक पान तोडलं, दुमडलं आणि कानाशी धरलं.

“काय म्हणतंय?” मी विचारलं.

“मला कुठं कळतं,” मामा म्हणाले.

उन्हात कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर त्यांना काही दिसेना. स्टुडिओत आल्यावर त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं आणि ते चहा आणायला गेले, टपरीवर गप्पा रंगल्या की ते लवकर परतत नाहीत. मी फोटो उघडले.

बांधावरचा कडुलिंब लाललाल होता. त्याच्या खालचं गवतसुद्धा लाल. आणि मोसंबी? मळकट, धुऊन विटलेल्या फडक्यासारखी. पहिलं झाड, पाचवं, अकरावं, अठरावं. मी पुन्हा पुन्हा बघितलं. एकही नाही.

मला वाटलं, एवढं करून हे? पाच दिवस, सतरा स्क्रू, आणि मामांना हे दाखवायचं? त्या मळकट रंगावर क्लिक करायचं आणि तो लाल करायचा, दोन मिनिटांचं काम. मी केलं. अठरा फोटोंना अर्धा तास लागला. बांधावरच्या लिंबाइतकाच लाल जमला, आणि देवाशप्पथ, मला स्वतःचा अभिमान वाटला.

मामांच्या आधी राधूदादाच आला. पडद्यापुढे वाकला.

“हे... हे लाल म्हंजे जित्तं?”

“हो,” मी म्हणाले.

त्याने सगळे फोटो बघितले. मग खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. तुतीचं त्याने एवढं ठरवलं होतं, पण मला त्याच्या तोंडावर राग दिसला नाही. “आईची झाडं,” तो म्हणाला. “मी तर उपटून टाकून राह्यलो होतो, तृप्ते.” आणि त्याने जेसीबीवाल्याला फोन लावला. “नको येऊ शुक्रवारी. झाडं जित्ती हायेत.”

मामा चहाचे ग्लास घेऊन दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं. ग्लास ठेवले, चष्मा लावला, पडद्याजवळ आले. तोंड उजळत गेलं, एक फोटो, दोन फोटो, दहा. अठराव्याला ते थांबले.

“तृप्ते,” ते हळू म्हणाले, “पत्र्याची पेटी कवापासून श्वास घ्यायला लागली?”

झाडामागे स्टार्टरची हिरवी पेटी होती. खऱ्या फोटोत तीही झाडांसारखीच मळकट आली होती, म्हणून माझ्या क्लिकने तीही लाल झाली होती, टकाटक, पानांसारखीच.

मी माउसवरून हात काढून घेतला.

“खरे दाखव,” मामा म्हणाले.

मी दाखवले. ते एकेक करून सगळे बघत गेले. राधूदादा एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता.

“मामा, तुम्ही पण तर डोळे लावता,” मी रडत म्हणाले.

“अप्पारावाला ठावं हाय त्याची माय गेली म्हणून.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “राधूला ठावं नव्हतं, बाई. त्यानं वरीसभर पाणी पाजलं असतं, वाट बघितली असती.”

मग ते दादाकडे वळले. “फोन लाव परत. म्हणावं, ये.”

“अण्णा, राहू द्या. एक वरीस बघू की.”

“कॅमेरा बराबर हाय, राधू. मीच बनवलाय.”

शुक्रवारी सातला आम्ही शेतात पोचलो तेव्हा मामा आधीच आलेले होते. चपला बांधावर, धोतर वर खोचलेलं, हातात फावडं. मोटार चालू होती. पाणी पहिल्या झाडाच्या आळ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जात होतं.

“आता कशाला पाणी, अण्णा?” राधूदादाने विचारलं.

“ओल्या मातीतून मुळं सोप्यानं निघतात,” मामा म्हणाले. आमच्याकडे न बघता त्यांनी पुढच्या झाडाच्या आळ्याचं तोंड फोडलं.

राधूदादाने चपला काढल्या आणि दुसरं फावडं घेतलं.

जेसीबी धूळ उडवत बांधापाशी आला. ड्रायव्हर वरून ओरडला, “कुठून घेऊ, मामा?”

मामांनी हात वर केला. “थांब थोडं. चार राह्यलीत.”

ड्रायव्हरने झाडांकडे बघितलं, मग पाण्याकडे. काही न विचारता त्याने इंजिन बंद केलं. कॅमेरा माझ्या गळ्यात होता, पुढे पिवळी काच आणि आकाशी कागद. मी झाकण काढलं नाही.

पंधरावं भरलं. सोळावं भरलं. सतरावं. अठराव्याचं आळं काठोकाठ भरेपर्यंत मामा तिथेच फावडं टेकून उभे राहिले. मग चिखलाचे पाय घेऊन पेटीपाशी गेले, मोटार बंद केली, आणि पेटीचं हिरवं दार दोन्ही हातांनी, आवाज न करता, लावून घेतलं.