सुलेखाचा सिनेटर

“नाही, तो मेलेला नाही,” सुलेखा फोनवर इंग्रजीत म्हणाली, आणि कालथा माझ्या हातात देऊन थालीपीठ उलटायची खूण करत बाहेरच्या खोलीत गेली.

फोनवर तिचे साहेब होते, मिस्टर क्वेक. हा माणूस एरवी इतकं हळू बोलतो की ऐकणाऱ्याला कान टवकारावे लागतात. आज त्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. सगळ्या चॅनेल्सवर बातमी आलीय, सुलेखा. आपण एकटे मागे राहिलोय. फाइल तयार आहे ना तुझी? मग सोड ती!

“फाइल तयार आहे. माणूस तयार नाही,” सुलेखा म्हणाली.

मी थालीपीठ करपवलं.

सुलेखा तेव्हा सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमध्ये एका परदेशी वृत्तसंस्थेत होती. अमेरिकेतल्या मोठ्या माणसांचे मृत्युलेख ती माणसं जिवंत असतानाच लिहून ठेवायचे, हे तिचं काम. दर दोन-तीन महिन्यांनी लेख काढायचा, मधल्या काळात त्या गृहस्थाने जे काही केलं असेल ते भरायचं आणि परत ठेवून द्यायचा. माणूस गेला की वय आणि तारीख टाकायची, की दहा मिनिटांत लेख जगभर. लेखावर नाव कुणाचंच नाही. हे काम काय आहे ते पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या आईने पुण्यात देवापुढे जादा दिवा लावला होता.

तिच्याकडच्या चाळीसएक माणसांत एक होता सिनेटर हार्लन मीकर. मक्याच्या शेतांच्या राज्यातून सहा वेळा निवडून आलेला, शहाऐंशी वर्षांचा, कट्टर परंपरावादी. बंदुकांवर बंधन नको, करात वाढ नको, सरकारने लोकांच्या घरात नाक खुपसायला नको, आणि अमेरिकेतली कामं बाहेरच्या लोकांच्या हाती तर मुळीच जायला नकोत! हे शेवटचं भाषण तो दर वर्षी ठोकायचा, आणि पुण्याची सुलेखा दर वर्षी सिंगापुरात बसून ते त्याच्याच मृत्युलेखात घालायची.

मी जहाजावर चीफ इंजिनिअर. चार महिने समुद्रावर, दोन महिने घरी. घरी आलो की जेवणाच्या टेबलावर मीकर हजर असायचाच. “आज काय बोललाय माहितेय? मूर्ख आहे नुसता!” असं म्हणून ती पोळी अशी तोडायची की जणू त्याचा कानच तिच्या हातात आलाय. आणि तासाभराने तीच सांगायची, की शाळेतल्या मुलांना दुपारचं जेवण द्यायच्या कायद्याला त्याच्या पक्षातून एकट्याने मत दिलं ते यानेच, कारण लहानपणी हा स्वतः उपाशी शाळेत गेलेला. मला या म्हाताऱ्याचा थोडा मत्सरही वाटायचा. माझा वाढदिवस ती दोनदा विसरली आहे, त्याचा कधीच नाही.

तर त्या दिवशी सोमवार होता. २०१५ चा ऑगस्ट. सिंगापूरचा पन्नासावा राष्ट्रीय दिन रविवारी झाला म्हणून सोमवारी सुट्टी. मरीन परेडच्या आमच्या ब्लॉकवर प्रत्येक मजल्याला लाल-पांढरे झेंडे लटकत होते, आणि आम्ही तिघंही घरी होतो: सुलेखा, मी, आणि आमची सोळा वर्षांची जाई.

सकाळी पावणेआठला मीकरच्या कार्यालयाच्या नावाने ई-मेल सुटला होता. सिनेटर आज रविवारी सायंकाळी आपल्या घरी शांतपणे निवर्तले. तिकडे रविवारची संध्याकाळ, आपल्याकडे सोमवारची सकाळ. पाच मिनिटांत बातमी सगळीकडे.

सुलेखाने फोन स्पीकरवर टाकला आणि लॅपटॉप उघडला.

“मिस्टर क्वेक, मीकरचं कार्यालय रविवारी बंद असतं. रविवार देवाचा. छत्तीस वर्षांत या माणसाने रविवारी एक कागद बाहेर पाठवलेला नाही. फोनसुद्धा उचलत नाहीत.”

“अगं पण माणूस मेलाय! मेल्यावर कसला रविवार?”

“त्याचा सख्खा भाऊ शनिवारी रात्री गेला होता. बातमी सोमवारी दिली, रात्री बारा वाजून एक मिनिटाने. निवडणुकीत विरोधकाने रविवारी त्याच्यावर लाच घेतल्याचा आरोप केला, तेव्हाही उत्तर बारा वाजून एक मिनिटाने. माझ्याकडे अशी तीन उदाहरणं आहेत, तारखांसकट. मेलेला असेल तर सोमवारी सांगतील. जिवंत असेल तरी सोमवारीच सांगतील. रविवारी आलेला ई-मेल त्याचा नाहीच.”

मग क्वेक एकदम नेहमीच्या हळू आवाजात बोलला, आणि ते जास्त भीतिदायक होतं. “सुलेखा, त्यांचा सोमवार आपल्याकडे कधी लागतो?”

“दुपारी एक वाजता.”

“म्हणजे पाच तास सगळं जग त्याला मेलेला म्हणणार आणि आपण गप्प बसणार. तुला शुक्रवार माहितेय ना?”

शुक्रवार आम्हा तिघांनाही पाठ होता. तिच्या विभागातली पाच टेबलं होती, त्यातली चार बंद होणार होती. एक राहणार. कुणाचं, ते शुक्रवारी ठरणार होतं. माझी नोकरी पाण्यावर. सिंगापूरचं आमचं बिऱ्हाड उभं होतं ते सुलेखाला नोकरीमुळे मिळालेल्या एम्प्लॉयमेंट पासवर, आणि जाईची शाळाही.

“माहितेय,” सुलेखा म्हणाली. “माझ्या सांगण्यावरून थांबलो असं लेखी पाठवते. चुकले तर मीच जबाबदार.”

तिने मेल टाईप केला, पुन्हा वाचला, एक स्वल्पविराम काढला आणि पाठवून दिला. मग मसाल्याच्या डब्यांची झाकणं उगाच लावत बसली.

“आई, एव्हरीबडी सेज ही डाय ऑलरेडी, ला,” जाई फोनवर बोटं फिरवत तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. “बघ, त्याच्या पार्टीचे लोकपण सॅड सॅड लिहितायत. यू ओन्ली वन!”

मी जाईच्याच बाजूचा होतो, खोटं कशाला सांगू? “सुलेखा, पाठवून टाक ना. चुकलं तर सगळ्यांबरोबर चुकेल. एकटीनं चुकलीस तर शुक्रवारी...”

“उल्हास, माझ्या बाबांची बातमी आठवते तुला?”

आठवत होती. तिचे बाबा सातारला सदतीस वर्षं शाळेत, शेवटची अकरा मुख्याध्यापक. ते गेले तेव्हा आम्ही सिंगापुरात होतो. स्थानिक पेपरात चार ओळी आल्या, ‘सेवानिवृत्त लिपिक’. कुणालाच काही वाटलं नाही. सुलेखाने ते कात्रण लाल पेनाने दुरुस्त करून जपून ठेवलंय.

“गेलेल्या माणसाला पत्र लिहून कळवता येत नाही की बाबा रे, चूक झाली,” ती म्हणाली. “आणि हा तर बहुतेक गेलेलाही नाही. मी नाही पाठवणार.”

मग सुरू झाले आमचे पाच तास. इंजिनरूममध्ये आग लागल्यावर मी शांत राहिलोय, पण त्या सकाळी मला एका जागी बसवेना. दहा वाजता कोपी, म्हणजे तिथली कॉफी, आणायला खाली हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर गेलो, तर तिथल्या टीव्हीवरही मीकर! काळ्या चौकटीत, मक्याच्या शेतात उभा. कोपीवाला काका ग्लास भरता भरता म्हणाला, “बिग मॅन, आह?” मी त्याला चक्क सांगितलं, “नॉट डेड, अंकल. माय वाइफ सेज.” त्याने टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कोपीत साखर जरा जास्तच घातली.

वर आलो तर जाई बाजू बदलून बसलेली. तिने मीकरच्या कार्यालयाच्या वेबसाइटवर काय सापडलं ते मला दाखवलं: ‘रविवारी आम्ही प्रार्थनेला असतो. आपण सोमवारी बोलू.’ “बाबा, आई इज राइट, आय थिंक,” ती कुजबुजली. अकरा वाजता क्वेकचा फोन. लंडनच्या मुख्य कार्यालयातून विचारणा होतेय. बारा वाजता पुन्हा. कोणीतरी मोठ्या साहेबाने फार वाईट शब्द वापरले होते, ते क्वेकने गाळून सांगितले. “एकपर्यंत धरतो,” तो म्हणाला. “एक मिनिटही जास्त नाही.”

“एक मिनिट जास्त लागेल,” सुलेखा म्हणाली. “एक वाजून एक.”

पलीकडून हसू आलं की उसासा, कळलं नाही.

पावणेएकला तिने पदर नसतानाही पदर खोचावा तशी ओढणीला कमरेशी गाठ मारली आणि लॅपटॉपपुढे बसली. जाई एका बाजूला, मी दुसऱ्या. बाहेर समुद्रात नांगरलेली जहाजं मी मोजायला लागलो. एकोणीस. परत मोजली, बावीस. एक वाजला. काही नाही. फोन वाजला, सुलेखाने घेतला नाही.

आणि मग जाई एवढ्याने किंचाळली की शेजारच्या मिसेस ओंग दार उघडून बाहेर आल्या.

एक वाजून एक मिनिट. मीकरच्या कार्यालयाच्या पानावर तीन ओळी, खाली त्याची सही. ‘माझ्या मृत्यूबद्दल मी काल संध्याकाळच्या जेवणापासून ऐकत आहे. काल रविवार असल्याने खुलासा करता आला नाही. मी बरा आहे.’

जाई सोफ्यावर उड्या मारत होती, मी मिसेस ओंगना मिठी मारायचा राहिलो होतो, आणि सुलेखा एकटीच हसत हसत रडत होती. “काय हट्टी आहे! काय मेला हट्टी आहे!” फोन पुन्हा वाजला. क्वेक काहीतरी ओरडत होता, त्यामागे सबंध ऑफिस टाळ्या वाजवत होतं. जगातले सगळे आपापले लेख मागे घेत होते. मागे घ्यायला काही नव्हतं ते फक्त सुलेखाच्या संस्थेकडे.

त्या आठवड्यात आमच्या घरी दोनदा श्रीखंड झालं. लंडनहून तिच्या नावाने कौतुकाचा मेल आला, तो मी छापून फ्रिजवर लावला. शुक्रवारी क्वेकने तिला खोलीत बोलावलं. पाचवं टेबलही जाणार होतं. सगळं काम दुसऱ्या देशात हलवायचं लंडनने महिन्यापूर्वीच ठरवलं होतं, क्वेकलाही सकाळीच कळलं. तो बोलताना खिडकीबाहेर बघत होता, असं ती म्हणाली. जाईची परीक्षा होईपर्यंत मुदत मिळाली.

“मीकर म्हणतच होता,” घरी आल्यावर ती मला म्हणाली, “कामं बाहेर जाऊ देऊ नका.” मला हसावं की काय ते कळेना.

शेवटच्या दिवशी तिने त्याची फाइल उघडली आणि एक वाक्य घातलं: ‘२०१५ साली त्यांच्या निधनाची खोटी बातमी पसरली, तेव्हा रविवार संपेपर्यंत त्यांनी तिचा इन्कार केला नाही.’ ती बातमी कोणत्या एकाच संस्थेने दिली नव्हती, ते लिहिलं नाही. “ते त्याच्या आयुष्यात येत नाही,” म्हणाली.

आम्ही पुण्याला परतलो. तीन वर्षांनी, ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, मी सहकारनगरच्या घरात इंग्रजी पेपर उघडला आणि तिच्यापुढे ठेवला. मीकर रविवारी पहाटे गेला होता. घरच्यांनी सांगितलं सोमवारी, बारा वाजून एक मिनिटाने.

तिने चष्मा लावला. अर्धं पान होतं. शाळेतलं जेवण होतं, भाऊ होता, बंदुका होत्या, बाहेर जाणारी कामं होती, तो रविवार होता. सगळं तिचं, शब्द न् शब्द. खाली संस्थेचं नाव. वय कुणीतरी दुसऱ्याने भरलं होतं. तिने बोटांवर हिशेब केला.

“एकोणनव्वद. बरोबर आहे.”

मग कात्री आणली, पान कापलं, आणि कपाटातून बाबांचं पिवळं कात्रण काढून हे त्याच्याखाली ठेवलं. लाल पेन तिने बरोबर आणलं होतं. ते तसंच टोपण न काढता तिने परत ठेवलं, आणि कुकर लावायला आत गेली.