वल्ह्याला लावलेला कान

चौथ्या घोळीचंही पोट रिकामंच निघालं.

मासे कापणाऱ्या बाईने बोटांनी आतडी पुन्हा चाचपली. कोळंबीचं टरफल नाही की खेकड्याची नांगी नाही. नुसती अंडी, पोट फुटेस्तोवर भरलेली. विणीच्या दिवसांत घोळीचं खाण्यावरून मन उडतं, हे तिला ठाऊक होतं. तिचा जन्म या धक्क्यावर सुरी चालवण्यात गेला होता. तरी तिने पाचवी घोळ पुढे ओढली. नवऱ्याची बोटीवरची जागा घोळीच्या पोटावरच टिकून होती.

नवऱ्याला सगळे कानवाला म्हणत. बोटीवर त्याचं काम एकच. खाडीच्या मुखाशी इंजिन बंद झालं की वल्हं पाण्यात सोडायचं, मुठीला कान लावायचा आणि घोळीचा थवा कुठे आहे ते सांगायचं. तिथलं पाणी इतकं गढूळ की डोळे असून नसल्यासारखे. पण दिवस कलला की नर पोटातल्या हवेच्या फुग्यावर स्नायू आपटून ढोल बडवतात, माद्यांना बोलावतात. माद्या गप्प असतात. तो ढोल लाकडातून वर चढतो आणि ऐकणाऱ्याच्या कानात शिरतो.

कानवाला कधीचाच बहिरा झाला होता. हे फक्त नवरा-बायकोला माहीत होतं. धक्क्यावर येणाऱ्या सगळ्या बोटींचे मासे ती कापायची. पोटात कोळंबी निघाली तर घोळी चिखलाकडे, खेकडे निघाले तर खडकांकडे. घरी ती खुणेने सांगायची. दुसऱ्या दिवशी तो वल्ह्याला कान लावून, डोळे मिटून, बोटाने तीच दिशा दाखवायचा. खलाशी श्वास रोखून बसायचे. या नाटकावर चूल पेटत होती आणि तिला त्याची काडीची लाज वाटत नव्हती. ज्यांनी कान खाल्ले त्यांनी लाजावं.

पण हा आठवडा वाईट गेला. घोळींनी खाणं सोडलं, तिच्याकडे सांगायला काही उरलं नाही. शेजारच्या बोटी भरून येत होत्या आणि नवऱ्याची बोट एकटी कोरडी.

"काकू, काका कुठंयत?"

मागे पुतण्या उभा होता. बोट चालवणारा, खलाशांचा म्होरक्या, तांडेल तोच. बाप गेल्यावर बोट त्याच्याकडे आली होती. हातात शेजारच्या बोटीवरून उचललेली जिवंत घोळ.

"समोर जाळं शिवतायत, दिसत नाहीत? काय काम आहे?"

"काम कसलं. गंमत."

तो जाऊन काकाच्या पाठीशी उभा राहिला आणि मासा त्याच्या डोक्यामागे धरला. पाण्याबाहेर काढलेला मासा बोंबलणारच. डुग-डुग-डुग. धक्क्यावरच्या सुऱ्या थांबल्या. तिने सुरी हलवून खूण केली. कानवाल्याने मान वर केलीच नाही. सुतळी दाताने तोडली, पुढची गाठ घेतली.

"काका झोपले वाटतं," एक खलाशी म्हणाला.

"झोपलेत कुठले. ठार बहिरे आहेत," तांडेल म्हणाला. "आठवडाभर आपल्याला वेड्यासारखं फिरवतायत. उद्यापासून मासे शोधायचं मशीन लावतो."

ती उठली. हात खवल्यांनी भरलेले, सुरी तशीच मुठीत.

"मशीन लाव, नाहीतर स्वतःचं थोबाड लाव पाण्याला. पण ही गंमत कशाला? घरी येऊन विचारलं असतंस तर चहा पाजून खरं सांगितलं असतं. हे काय जन्मापासून बहिरे होते? तुझ्या बापाने अर्धा जन्म यांना इंजिनाला चिकटून बसवलं, दुसरीकडे जागा नाही म्हणून. कापसाचा बोळा घाला असंसुद्धा कुणाच्या तोंडातून आलं नाही. याच कानांवर तुझी बोट उभी राहिली, आणि आज चारचौघांत मासा वाजवून दाखवतोस."

"काकू, हळू बोला ना."

"हळू कशाला? त्यांना ऐकू जात नाही. तुम्हाला तरी जाऊ दे."

कानवाल्याला तिचं हलणारं तोंड दिसलं. सगळ्यांचे चेहरेही. तो वळला. पुतण्याच्या हातातला मासा बघून त्याला समजायचं ते समजलं. त्याने मासा घेतला, पोटाखाली तळवा धरला आणि थोडा थांबला.

"नर आहे," तो म्हणाला. "चांगला वाजतोय. आता पाण्यात सोड नाहीतर मार. असा टांगून ठेवू नकोस."

मासा परत देऊन तो बोटीवर चढला. आपलं वल्हं उतरवलं, मूठ सदऱ्याने पुसली आणि ते तांडेलाच्या खांद्याला टेकवून ठेवलं. तांडेलाचे दोन्ही हात माशात अडकलेले. वल्हं पडू नये म्हणून तो मान वाकडी करून उभा राहिला. कुणी हसलं नाही.

घरी आल्यावर ती हात धुऊन उंबऱ्याशी टेकली. तो शेजारी बसला.

"काय बोललीस गं सगळ्यांसमोर?"

तिने हातानेच उडवून लावलं.

"सांग की. आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलंस आणि माझंच राहून गेलं ऐकायचं."

तिने त्याचा हात ओढला, तळवा आपल्या गळ्याखाली दाबून धरला आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लागली. थोबाडासकट, एक शब्द न गाळता. शेजारी खिडक्या उघडल्या. ती थांबली नाही.

तिचं बोलून झालं तरी त्याने हात काढला नाही.