खोटं-खोटं बसणं

सरावात फौजदार पुन्हा रिकाम्या बॅगेसमोर बसला. स्फोटकं हुंगणारं कुत्रं बसलं म्हणजे तिथे माल आहे, एवढाच त्याच्या नोकरीचा अर्थ. परीक्षा उद्यावर आली होती आणि नापास कुत्र्याला पथकात जागा नव्हती.

"म्हातारा झाला रे तुझा फौजदार," शेजारचा हँडलर म्हणाला.

"तुझ्यापेक्षा तरुण आहे," असं म्हणून फौजदारचा हँडलर त्याला मोटरसायकलच्या साइडकारमध्ये बसवून घरी घेऊन आला. खास परवानगीने फौजदार त्याच्याच घरी राहायचा.

हँडलर कपडे बदलून बाहेर आला, तर चार वर्षांची लेक उशीखाली काहीच लपवत नव्हती, तेही मन लावून.

"बॉम्ब ठेवला हं!"

फौजदारने खोली हुंगली, उशीसमोर येऊन बसला आणि शेपूट हलवायला लागला.

"सापडलाऽ!" माल सापडला की ड्युटीवर बक्षीस मिळतो, तोच चेंडू लेकीने फेकला.

"हे कधीपासून चाललंय?" त्याने बायकोला विचारलं.

"घरी आलास की तू घोरतोस. पोरीने खेळायचं कुणाशी?"

"अगं, काही नसताना बसायची सवय लावली तिने!"

"सवय नाही काही," लेक फणकारली. "त्याला माहितीये बॉम्ब नाहीये. खोटं-खोटं बसतो तो."

तो येरझारा घालत राहिला. मग सरावाचा हातमोजा, ज्याला मालाचा वास होता, त्याने कपाटामागे दडवला. फौजदार थेट तिथे गेला आणि बसला. शेपूट स्थिर. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

परीक्षेत बॅगा ओळीने मांडल्या होत्या. काय आहे, काय नाही, हे हँडलरने बोलायचं. त्याचाच शब्द धरला जाई. तिसऱ्या बॅगेशी फौजदार बसला, शेपूट हलवत त्याच्याकडे बघायला लागला.

हँडलरने ते शेपूट पाहिलं. "नाही, साहेब. पुढे."

शेवटच्या बॅगेशी कुत्रं दगडासारखं बसलं.

"आहे."

परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी त्या दोन्ही बॅगा उघडल्या. तिसरीत वर्तमानपत्रं निघाली, शेवटच्या बॅगेत माल.

"तिसरीपाशी बसला होता की. नाही कशावरून म्हणालास?"

थाप मारता आली असती. "खेळत होता, साहेब. घरी पोरीशी खेळतो तसा."

"आणि भर गर्दीत खेळावंसं वाटलं त्याला तर? तुझ्या जागी दुसरा असला तर?"

हँडलरने फौजदारला जवळ ओढलं.

"कुत्रं पास," साहेब म्हणाले. "पण आजपासून मुक्काम इथेच. घरी न्यायचं नाही."

फौजदारला पिंजऱ्यात सोडून तो बाहेर आला. लेक दारातच उभी असणार होती. त्याने मोटरसायकल सुरू केली, बंद केली, रिकाम्या साइडकारवर हेल्मेट ठेवलं, उचललं आणि पुन्हा किक मारली.